मुका रुपया

आमच्या इगतपुरीच्या कोंडाजीनं परवा कमाल केली. त्याच्याकडे वारलेल्या आईचा राणीछाप चांदीचा रुपया. लक्ष्मीपूजनाला म्हातारी तो उंबऱ्यावर वाजवायची आणि आवाज विरेपर्यंत हसायची. जावई म्हणाला, "मामा, तज्ज्ञांकडून तपासून सीलबंद करून घ्या." रुपया मुंबईहून परत आला तो प्लॅस्टिकच्या डबीत, वर 'अस्सल' असा शिक्का.

चहाच्या टपरीवर गडी मिरवत होता. मी म्हटलं, "अस्सल नाणं खणखणीत पायजे. वाजव की!"

त्यानं डबी फरशीवर टाकली. थप्प!

"बदलला वाटतं कोणी," मी हळूच काडी टाकली.

कोंडाजी पांढराफटक. "माझ्या आईचा हाय रे तो!"

"मग आईलाच विचार."

त्यानं चंचीतला अडकित्ता काढून डबी फोडली आणि रुपया टाकला. खण्ण! बाहेर धुकं उतरलं होतं, त्यात तो आवाज कितीतरी वेळ तरंगत राहिला. चहावालासुद्धा गाळणी हातात धरून तसाच उभा.

मी म्हटलं, "सील गेलं, कोंडाजी. आता जावई वरडंल."

डोळे मिटूनच तो म्हणाला, "गप रे, म्हातारी बोलतीये."