गवतात निजवलेलं पाडस

मी एकदा एका आईचं लेकरू चोरलं, अन् चोरलं ते चोरलं, वर आसपासच्या वस्त्यांना दाखवलं की बघा मी किती दयाळू. हसा, खुशाल हसा, मलापन त्या पोरीचं हसूच येतं, ती म्हंजे मीच, तवाची, नव्वदीच्या सालातली, नाकात चमकी अन् डोक्यात हवा.

हवा कशाची म्हनाल तर जनावरांची. माजा जन्म घोडेगावचा, तिथला जनावरांचा बाजार तुमाला ठाऊक असंल, अन् बाप हेडी, म्हंजे इकडची जनावरं घेऊन तिकडं विकनारा. लहानपनी मी बापाच्या मागंमागं बाजारात, दात बघून बैलाचं वय सांगायचे, कासेकडं नुसतं बघून गाईचं दूध सांगायचे, बाप म्हनायचा पोरगी लई हुशार. बाजाराचा एक नेम हुता, दाव्याबिगर एकटं जनावर दिसलं की ते चुकलेलं, आधी धरायचं, मग वरडून मालक हुडकायचा. एवढं शिक्षन घिऊन मी लगीन करून कर्जताकडं आले.

सासर म्हंजे रानातलं एकटं घर. म्होरं आमची जिराईत, मागं फॉरेस्टची हद्द, बाभळी, हिवर, बोरी अन् मधी मांडीएवढं गवत. आपलं कोन अन् रानातलं कोन हे कळायलाच मला वरीस गेलं. खंड्या कुत्रा आमचा, शेळ्या आमच्या, पन मांजर मनात येईल तवा आमचं, न्हाईतर रानाचं. मुंगूस उंबऱ्यापातूर यायचं. कोंबड्यांस्नी दानं टाकलं की लांडोर हक्कानं येऊन टिपायची. अन् काळवीटं तर कळपानं हरभऱ्यात. मालक, म्हंजे आमचे हे, शिव्या द्यायचे, अन् सासूबाई, त्यांना मी आत्या म्हनायचे, त्या म्हनायच्या, अरं त्यांच्या कुरनात आपन नांगर घातला, ती बिचारी बोलत न्हाईत म्हनून, न्हाईतर शिव्या त्यांनी द्यायच्या.

तर काय सांगू तुमाला, थंडी सरत आल्ती, आत्या बाजाराला गेल्त्या, अन् मी सुमीला, माज्या चार वर्साच्या लेकीला, घिऊन सरपनाला गेले. मोळी बांधली, उचलनार तर पायाशी पाडस. मान भुईला चिकटवलेली, कान मागं, हलंना का डुलंना, नाकावर माशी बसली तरी फुरफुरंना. चहूकडं बघितलं, कळप न्हाई, आई न्हाई. माज्या बाजारी डोक्यानं निकाल दिला, चुकलेलं हाय. मोळी तिथंच टाकली अन् त्याला पदरात गुंडाळून घरी.

सुमीनं लगोलग नाव ठिवलं, सोनी. शेजारच्या वस्तीवरच्या बाया आल्या, म्हनल्या तुजा लई जीव गं जनावरावर, अन् मी फुगले. पन सोनी दूध पिईना. शेळीला लावलं तर शेळीनं लाथ घातली. बोटानं चाटवलं तर दूध व्हटावरून खाली. ऊन कललं तशी त्याची मान माज्या मांडीवर पडाय लागली, अन् माजं फुगलेपन हळूहळू उतराय लागलं. मालक आले, म्हनले हे काय मांडलंस? म्हनलं जीव वाचवलाय. ते म्हनले वाचवलाय का घालवलाय ते माजी आई बाजारातनं आल्यावर कळंल.

आत्या आल्या. पिशवीपन खाली ठिवली न्हाई. म्हनल्या कुठं घावलं? म्हनलं गवतात, एकटंच हुतं. एकटं हुतं का ठिवलं हुतं? म्हनलं म्हंजे? तवा म्हनल्या, अगं हेड्याच्या लेकी, हरनी लेकराला गवतात निजवून लांब चरती, जवळ थांबली तर लांडग्याला ठिकाना लागतो. मधनं येती, पाजती अन् जाती. हलू नको म्हनून बजावून गेली असंल, अन् ते इतकं गुनाचं, की तू उचललं तरी हललं न्हाई. मग सुमीकडं बघितलं अन् म्हनल्या, ही तान्ही असताना तू हिला बांधावर झोळीत टाकून खुरपायला जायचीस, तवा एखादी दयाळू बया आली असती तर?

तुमाला खरं सांगते, त्या दिसापातूर मला कुनी असं मारलं न्हवतं.

सुमी भोकाड पसरून बापापाशी राह्यली, खंड्याला बांधला, अन् आमी दोघी पाडस घिऊन निघालो. माजी मोळी पडल्ती तीच जागा. मानसाचा वास जावा म्हनून आत्यांनी गवताचा चोळा करून त्याचं अंग पुसलं, निजवलं, अन् आमी हिवराच्या आडाला वारं तोंडावर घिऊन बसलो. मी कुजबुजले, येईल का वो? आत्या म्हनल्या, सांगता येत न्हाई, दुपारी येऊन रिकामी जागा हुंगून गेली असंल. पाडस पडलेलंच, अन् मला आता त्याचं पोट हलताना दिसंना. अडल्या बाईला देव आठवतो म्हंत्यात, तसे मला सगळे देव आठवले.

दिस बुडता बुडता ती आली. लांबच थांबली. पाय आपटला. जवळ आली, हुंगलं, अन् उडी मारून मागं सरली. माज्या तोंडातून निघनारच हुतं घे गं बाई तुजं लेकरू, तर आत्यांनी माजं तोंडच दाबलं. हरनीनं बारीक आवाज दिला. अन् दुपारधरनं ज्यानं मान उचलली न्हवती ते पाडस काड्यांसारख्या पायांवर उभं राह्यलं, पडलं, परत उठलं, अन् कासेला जाऊन अशी ढुशी दिली की हरनीच हलली.

आता मी सावेडीला सुमीच्या फ्लॅटात असते. नातू जिन्याखालची मांजराची पिल्लं वर आनायला निघतो, मी म्हनते आधी लांब बस, त्यांची आई येती का बघ. तो म्हनतो आजी तू लई निर्दयी हायेस. म्हनते व्हय बाबा, लई उशिरा झाले. आत्या जाऊन वर्सं झाली, जिथं असतील तिथं सुखात असू देत.

त्या सांजंला घरी निघताना मी पदरानं डोळं पुसत, मोठा तोरा आनून म्हनले, आत्या, तिनं मला माफ केलं बघा. आत्यांनी मोळी माज्या डोक्यावर ठिवली अन् म्हनल्या, माफ? अगं, तिच्या ध्यानातबी न्हाईस तू. तिचं तिला घावलं. चल बिगीबिगी, तुजं रडत बसलंय.