खुणेचा बुरूज

आमी किल्ल्याखालचे. आजा दर्यावर्दी, बाप दर्यावर्दी, मी नि माजा थोरला भाई, दोघंपण लहानपणापासनं गलबतावर. तुमी बसा मास्तर, माजं काय, मला हल्ली बसवत नाय, उभ्यानंच सांगतो. बाप सांगायचा, ह्या किल्ल्यानं आदिलशाही बघितली, मराठं बघितलं, इंग्रज बघितला, तोफा बंदराच्या तोंडावर रोखलेल्या असायच्या, विचारल्याबिगर होडकं आत येत नव्हतं. आता तोफा गंजल्या, इंग्रजपण गेला. पण आमच्या लेखी किल्ला अजून कामावर हुता.

कसा, ता सांगतो. बंदराच्या तोंडाला पाण्याखाली खडक हाय. किल्ल्याचा दक्षिणेचा बुरूज नि मागच्या टेकडीवरचा पांढरा दर्गा एका रेघेत आले की तांडेलानं सुकाणू फिरवायचं, आदी नाय नि मंग नाय. बापानं ही खूण भाईला दाखवली, भाईनं मला. भाई आमचा तांडेल.

त्या साली माजा पाय मोडलेला, म्हणून भाई मला घरी ठेवून मंगळूरला कौलं आणायला गेला. पाय बरा झाला नि रस्त्याचं काम निघालं, गावातला मी एकटाच तेच्यावर मजुरीला लागलो. कंत्राटदार घाटावरचा, तेला चिरे हवे. किल्ल्यावरचे पडलेले चिरे उचला, एवढीच परवानगी हुती. ते आठ दिसांत सपले. मुकादम म्हणाला, अरे, उभे हायत ते तरी किती दिस ऱ्हाणार, घाल पहार. मी घातली.

काय सांगू तुमाला, मला ठावं नव्हतं असं नाय. वाटलं, वरचे दोन थर काढू, खालचा बुरूज दिसंलच की. दोनाचे चार झाले, चाराचे आठ. एकदा होडी घेऊन पाण्यावरनं बघून यायला हवं हुतं, केवढा बुरूज उरला ता. नाय गेलो. खलाशी असून नाय गेलो, मास्तर!

वैशाखातली दिवेलागण, हवा धुरकट, मी किनाऱ्यावर उभा. भाईचं गलबत आलं. वळायच्या जागी वळंना, पुढंच येतंय. मला कळलं, तो बुरूज शोधतोय. मी बोंबललो, भाई, फिरव, फिरव! वारा उलटा, कोणाला ऐकू जातंय? खडकावर आपटलं. होडी लोटली, पाच जणांना काढलं, भाईला काढलं. हसनमामू नाय मिळाले, आमच्या बापाबरोबरचा म्हातारा खलाशी.

लोक म्हणाले, बुरूज जुनाच हुता, आपसूक ढासळला असंल. कंत्राटदाराची माणसं तवर घाटावर गेलेली. मी पण म्हटलं, हां, ढासळला असंल.

तेव्हापासनं भाई दर्यावर नाय गेला. येईल जाईल तेला सांगतो, माज्या भावानं मला वाचवलं. नि दर जुम्म्याला नमाज झाली की हसनमामूंच्या बायकोच्या दारात जातो, म्हणतो, चाची, माजी नजर चुकली, माफ कर. ती रडते, हा रडतो. मी तेच्या मागं उभा असतो. घरात जेवायला बसलो तरी उठतो, वेशीपर्यंत जातो, परत येतो. दोन वर्सं हेच चाललंय.

तेच्यासमोर तोंड उघडलं की माजा आवाज बंद होतो, म्हणून तुमाला बोलावलं. लिहिलंत ना सगळं? पहार कोणी घातली, ता पण? अल्ला तुमच्या हाताला बरकत देवो. आता आत जावा नि भाईला वाचून दाखवा. आज जुम्मा हाय, तो चाचीकडं जायाला निघंल, तेच्या आदी वाचा. मी हितंच दारात हाय. आज पळून जाणार नाय.