बोंबलांवर मांजर

तुला खरं सांगू, त्या अल्बमपायी आमचं डोकं पार आऊट झालं होतं. पालीच्या कोळीवाड्यातल्या सायमनचा रॉक बँड, आणि आम्ही पूनम सागर सोसायटीतले त्याचे तीन कट्टर फॅन. नव्या अल्बमच्या तिसऱ्या गाण्यात गिटार अचानक थांबते आणि एक बाई ओरडते, "बोंबलांवर मांजर हाय!"

निखिल म्हणाला, "मांजर म्हणजे बिल्डर रे!"

फरहान म्हणाला, "नहीं भाई, मांजर मतलब मौत."

मला दोन्ही पटत होतं, म्हणून काहीच कळत नव्हतं. वाद इतका पेटला की रविवारी दोन बाइक काढून आम्ही थेट सायमनच्या घरी.

सायमन लाजला. "अरे, ती माझी आई. घरीच रेकॉर्डिंग चाललेलं, अंगणात बोंबील वाळत घातलेले. तिचा आवाज आत आला, तो काढायचा राहिला."

तेवढ्यात काकीच चहा घेऊन आल्या. निखिलने त्यांना सगळं सांगितलं. लोक तुमचं वाक्य ऐकतायत, अर्थ लावतायत, त्यावरून भांडतायत.

काकींनी ट्रे खाली ठेवला.

"एवढ्या लोकांनी आयकलं, आन् मांजर कुनीच हाकलली न्हाय?"