तीन महिन्यांत सोडलेली नोकरी

नव्या ड्रायव्हरने पहिल्या मालकाकडे वर्षभर तरी टिकावं म्हणता ना? मग माझं ऐका. महाडला ट्रकवर नवीन लागलो, तेव्हा ब्रेक नीट लागत नायत म्हणून मालकाला तीनदा सांगितलं. तो म्हणायचा, "नवा हायस, सवय होईल."

एकदा बटाटे भरून आंबेनळी घाट उतरताना ब्रेक लागलेच नायत. समोरून भरलेली एसटी चढत होती. मी गाडी डोंगराला घासत नेली, तेव्हा कुठे ती अडली. एसटीतल्या बायका रडत होत्या.

महाडला येऊन चावी टेबलावर आपटली, तर मालक माझ्यावरच ओरडला, "तीन महिन्यांत पळतोस? वर्षभर थांबायला काय होतं रे तुला?"

म्हटलं, "शेठ, तुमची गाडी थांबत नाय, तर मी कसा थांबू?"