शौचासनाचा मानकरी

मंडळी, एक विचारतो. मोठ्या माणसाच्या किती जवळ गेलं म्हणजे तोंड उघडता येतं? सांगा! नाही ना येत सांगता? मग ऐका.

चार-पाचशे वर्षांपूर्वीची गोष्ट. इंग्लंडात ट्यूडर घराण्याचा अंमल. त्या दरबारी मॅडॉक नावाचा एक सरदार. मूळचा वेल्सचा — म्हणजे डोंगर, मेंढरं, धुकं. तिथून हा लंडनला आला, पार्लमेंटात बसला आणि चढत चढत राजाच्या खासगी दालनात पोचला. पद कोणतं? हसायचं नाही हं! राजा सकाळी ज्या मखमली खुर्चीवर शौचाला बसे, त्या खुर्चीचा मानकरी! पाणी याच्या हाती, टॉवेल याच्या खांद्यावर.

काकू, तोंडाला पदर कशाला? बडे बडे उमराव झुरत होते या पदासाठी! कारण तेवढा वेळ राजा एकटा. प्रधानालासुद्धा भेट नाही. याला रोज!

एकदा याची वहिनी आली, ग्वेन. गावाकडून नऊ दिवस चालत. म्हणाली, "भावजी, ह्यांना धरून इथे लंडनला आणलंय. राजाच्या रानातलं हरीण मारलं म्हणतात. त्या दिवशी हे माझ्या माहेरी होते हो! शनिवारी फाशी आहे. राजाच्या कानावर घाला."

"एवढंच ना वहिनी? सकाळी घालतो!"

बुधवारी राजाचं पोट साफ होईना. लालबुंद झालेला. मॅडॉक मनात म्हणाला — आज नको.

गुरुवारी पोट साफ! राजा शीळ घालतोय. हा म्हणाला — इतका खुशीत आहे, कशाला विरजण घाला?

शुक्रवारी राजा आपणहून म्हणाला, "मॅडॉक, अकरा वर्षं सेवा केलीस. माग, काय हवं?"

मंडळी, देव प्रसन्न होतो तो आणखी कसा होतो? आणि हा म्हणाला, "आपली कृपा आहे, महाराज. मला काही कमी नाही."

जीभच वळली नाही हो! अकरा वर्षं तेवढंच बोलायची सवय.

शनिवारी फाशी झाली.

रविवारी राजा खुर्चीवर बसता बसता म्हणाला, "काल गेला तो तुझा भाऊ होता म्हणे? अरे, मग बोलायचं नाही का! सोडला असता मी."

मॅडॉकने टॉवेल पुढे केला. "आपली कृपा आहे, महाराज."

आणि ग्वेन? नऊ दिवस चालत परत गेली, एकटी. मला या माणसाचा राग येत नाही, मंडळी. भीती वाटते. कारण वाईट नव्हता हो तो!

आता इकडे बघा. त्या मागच्या खांबाशी हौसाबाई बसल्यात. त्यांचे मालक आठ दिवस कोठडीत आहेत, दुसऱ्याच्या भांडणात. आणि इथे पुढे आपले नानासाहेब. फौजदारसाहेबांबरोबर रोजचा चहा आहे त्यांचा. नानासाहेब, मी काही म्हणत नाही. टाळ जरा खाली ठेवा. चौकी पलीकडच्या चौकातच आहे. आम्ही भजन धरतो — तुम्ही जाऊन या.