चंद्रावर मी किती भरेन

...आणि वर मलाच म्हणतात, पुष्पलताकाकू, तुम्हाला कशाला नसत्या चौकशा! अहो, शेजारधर्म म्हणून काही असतो की नाही? भिंतीपलीकडे चौदा वर्षं एक म्हातारी बिनसाखरेचा चहा पितेय आणि मी भिंतीला कान न लावता बसायचं? जमेल का मला? तुम्हाला तरी जमेल का?

म्हातारी म्हणजे गोजराबाई. मूळच्या साताऱ्याकडच्या. मुलगा सुजित तारापूरच्या कंपनीत लागला, त्याच्याबरोबर बोईसरला आल्या त्या आल्याच. नात स्वरा तेव्हा तान्ही होती आणि पोरीला असा ताप चढला, असा चढला की डॉक्टरसुद्धा नजर चुकवायला लागले. तेव्हा गोजराबाईंनी केळव्याच्या शितलादेवीला हात जोडले, "माझी नात वाचू दे, तिच्या भारंभार गूळ वाहीन, आन तवर गोडाचा कण तोंडात घालनार न्हाई." पोर वाचली! पण नवस? सुजितचं ठरलेलं, "आई, पुढच्या वर्षी नक्की." आणि दर पुढच्या वर्षी पोर वाढतेय की! तान्हेपणी एका ढेपेत काम झालं असतं हो. आता नववीत गेली.

आणि गोजराबाई? दिवाळीत ताट पुढे केलं की चिवडा उचलायच्या, लाडवाकडे बघायच्या. नुसत्या बघायच्या. माझ्या घशाखाली लाडू उतरायचा नाही. म्हणजे उतरायचा, पण वाईट वाटून उतरायचा.

यंदा त्या आजारातून उठल्या आणि म्हणाल्या, "सुजित, मी काय दर वर्सी उठून बसनार न्हाई. पुढच्या वर्सीला मी असंन का?" संपलं! सुजितने निमूटपणे वजनाचं मशीन आणलं, तेच, ज्याच्यावर उभं राहिलं की काटा फिरतो. म्हणे पोरीचं वजन करू, तेवढा गूळ वाण्याकडून उचलू, झाला नवस!

मशीन आलं म्हटल्यावर मी गेलेच. वाटी परत द्यायची होती. तर स्वरा नाक वर करून म्हणते, "पप्पा, हे चुकीचं आहे. हे मशीन वजन दाखवतं. तुम्हाला वस्तुमान हवंय."

मी म्हटलं, "आता ते कोण?"

"काकू, वस्तुमान म्हणजे आपल्यात द्रव्य किती आहे ते. कुठेही जा, तेवढंच राहणार. वजन म्हणजे पृथ्वी आपल्याला किती जोरात ओढते, ते बल. चंद्राची ओढ कमी, म्हणून तिथे आपलं वजन सहावा हिस्सा. वस्तुमान तेवढंच, वजन बदलतं!"

तुम्हाला सांगते, मी खालीच बसले. सहावा हिस्सा! इतकी वर्षं मी संध्याकाळी भात सोडला, पहाटे पायी चालले, कोमट पाण्यात काय काय पिळून प्यायले, आणि उपाय कुठे? डोक्यावर! दररोज रात्री उगवतोय आणि मी त्याच्याकडे बघून नुसती कोजागिरीचं दूध आटवतेय!

"चंद्र कशाला, लिफ्टमध्येसुद्धा काटा हलतो," स्वरा म्हणाली. झालं! मशीन उचललं, स्वरा, गोजराबाई, मी, सगळ्या लिफ्टमध्ये. आमची लिफ्ट म्हणजे आधी रुसते आणि मग एकदम धाडकन सुटते. पोर मशीनवर उभी, लिफ्ट वर निघाली तर काटा पुढे पळाला, खाली सुटली तर घसरला मागे! खरंच हो, या डोळ्यांनी बघितलं!

आणि माझं तोंड! मी म्हटलं, "अहो गोजराबाई, मग लिफ्ट खाली येताना मोजू या की! केवढा गूळ वाचेल!"

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या... "पुस्पाबाई, देवीनं पोर वर न्यायची ती खाली ठेवली, आन मी तिला लिफ्टमधी फसवू व्हय?"

मी जीभ चावली. स्वरा हसतेय, "आजी, लिफ्टमध्येपण मी तेवढीच आहे गं. वस्तुमान तेवढंच, वजन बदलतं!"

इथवर सगळं हसतखेळत चाललं होतं. पण खाली दार उघडलं आणि समोर विपुल! दुसऱ्या मजल्यावरचा, ज्याला हळू बोलणं माहीत नाही. पोर अजून मशीनवरच. याने वाकून काटा वाचला आणि आकडा असा ओरडला, जणू बोईसर स्टेशनवर गाडीची घोषणा करतोय! वर म्हणतो, "अरे वा, स्वरा! आजीला गुळाचा ट्रक लागणार!" जिन्यात पोरं उभी होती, तिच्याच शाळेतली. फिदीफिदी हसली.

पोरीचा चेहरा असा पडला. तरातरा जिने चढून गेली, दार लावलं, आतून आवाज, "मी कुठल्याही तराजूत बसणार नाही! नवस तू केलास, तूच बस!"

गोजराबाई दाराबाहेर उभ्या. ओरडल्या नाहीत, काही नाही. फक्त म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. पोर रडून बसली तर देवीला ग्वाड लागंल का?" आणि तो काळा, कडू चहा घेऊन बसल्या.

मला राहवेना. मी त्या बंद दाराशीच खाली बसले आणि बोलायला लागले. स्वराशी की माझ्याशीच, देव जाणे. म्हटलं, अगं, माझ्या माहेरी माकुणसारला बाबांचा भात तोलायचा तराजू होता. लाकडाची लांब दांडी, दोन्ही बाजूंना बांबूच्या टोपल्या, आंब्याच्या फांदीला टांगलेला. झोडणी झाली की बाबा मला एका टोपलीत बसवायचे, दुसरीत भात ओतायचे, आणि विचारायचे, "पुष्पा, या वर्षी किती भात गं तू?" टोपली अलगद सुटायची, पाय जमिनीवरून उठायचे, बाबांच्या अंगाला नव्या पेंढ्याचा वास... आणि माझ्याएवढ्या त्या भाताचे पोहे कांडायचे. माझ्या नावाचे! धाकट्या प्रदीपने मूठभर मागितले तरी मी भाव खायची. लग्न ठरलं त्या वर्षी मात्र बाबांनी तराजू काढलाच नाही. म्हणाले, "आता तू त्यांची, त्यांच्या तराजूत बस." आणि आमच्या ह्यांच्याकडे बघाल तर किराणासुद्धा पुड्या बांधून यायचा, तराजू कसला!

दार किलकिलं झालं. "काकू... त्याच्यावर आकडा असतो?"

"कुठला आकडा? दांडी आडवी झाली की झालं."

"आणि गुळाच्या ढेपी कोणी मोजल्या तर?"

मागून गोजराबाई, "फोडूनच आनू की! कोन मोजतंय!"

पोरगी विचार करत राहिली. मग स्वतःशीच म्हणाली, "हो की. तराजू आकडा सांगत नाही. नुसतं सारखं आहे की नाही, एवढंच सांगतो."

रविवारी सगळे माकुणसारला निघालो. सुजितने टेम्पो केला, मागे पोत्यात फोडलेला गूळ, टेम्पोमागे पालघरपर्यंत माश्या. प्रदीपने माळ्यावरून तराजू काढून आंब्याला टांगला होता. मी म्हटलं, "दोरी तुटेल रे." तर म्हणतो, "ताई, तुटायची नाय. बाबांनी वळलेली हाय, आमी बदललीच नाय." त्याच फांदीवर, तीच दांडी. मला एकदम हलकं हलकं वाटलं हो! माहेरच्या अंगणात पृथ्वी जरा कमी ओढते का? स्वराला विचारायला हवं होतं. वस्तुमान तेवढंच, वजन बदलतं!

सुजित पुटपुटला, "आई, देवळासमोर तोलायचा होता ना?" गोजराबाई म्हणाल्या, "भारंभार म्हनलेवते. कुटं तोलीन, ते बोलले न्हवते." विषय संपला.

स्वरा टोपलीत गुडघे पोटाशी घेऊन बसली. गोजराबाईंनी कुणाला हात लावू दिला नाही, एकेक खडा स्वतः टाकत होत्या, ओठ हलताहेत. दांडी कुरकुरली. टोपली सुटली. "अजून थोडा," प्रदीप म्हणाला. अजून थोडा. मग गोजराबाई थबकल्या. "स्वरे, तो मोबाईल ठीव खाली. मोबाईलचा नवस केला न्हवता मी!"

मोबाईल काढला, शेवटचा खडा पडला, दांडी आडवी झाली... आणि थांबली. कोणी काही ओरडलं नाही. ओरडायला होतंच काय? पोर हवेत तरंगतेय, समोर तिच्याएवढा गूळ. गोजराबाई नुसत्या दांडीकडे बघत होत्या. "भरली," म्हणाल्या. "माजी पोर भरली."

गूळ केळव्याला देवीपुढे ठेवला. पुजाऱ्याने प्रसादाचा खडा हातावर दिला, तो स्वराने आजीच्या तोंडात घातला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतोय. त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ चघळला आणि म्हणाल्या, "आग्गं बया... लईच ग्वाड असतंय की गं हे!" मी रडत होते. सुजितपण, पण म्हणतो डोळ्यात वाळू गेली.

जेवायला परत माकुणसारला. तराजू अजून आंब्याला. जेवणं झाल्यावर प्रदीप माझ्याकडे बघून अगदी बाबांच्या आवाजात म्हणतो, "पुष्पा, या वर्षी किती भात गं तू?"

सांगा, कशी नाही बसणार? बसले! प्रदीपने भात ओतला. टोपली जागची हलेना. पोतं आणलं. हलेना. शेजारचं पोतं मागून आणलं, फांदी कुरकुरतेय, गोजराबाई चार चमचे साखरेचा चहा पीत पदरात हसताहेत, आणि मी जमिनीला चिकटलेली ती चिकटलेलीच!

मी म्हटलं, "हसा! चंद्रावर जाऊन बसेन, तिथे पायलीभर भातात उठेन!"

तर ती स्वरा, जिच्यासाठी मी दाराशी गुडघे दुखवून बसले, ती शांतपणे म्हणते, "नाही काकू. तराजू चंद्रावर नेला तरी एवढाच भात लागेल. तिथे भाताचंही वजन तेवढंच कमी होतं ना."

घ्या! म्हणजे एवढ्या लांब जायचं, तिथेही पोती मीच न्यायची, आणि भरायचं एवढंच! जाऊ दे मेलं... प्रदीप, ओत बाबा अजून. नाहीतरी त्याचे पोहे माझ्याच नावाचे आहेत.