एका बोटाखाली चार घरं

...नाही, मला एक सांगा, माझं चुकलं काय? सोनं आणि चांदी ओळखता आली नाही म्हणून घरातल्या माणसाकडे असं बघायचं? आणि तेही खरं सोनं नाही, खरी चांदी नाही, कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या नखाएवढ्या सोंगट्या, आणि त्यांच्यावर जपानी अक्षरं! तुम्हाला सांगतो, धंद्यानं मी चष्मेवाला. वीस वर्षं लोकांना खुर्चीत बसवतोय, समोर पाटी लावतोय आणि म्हणतोय, हं, खालून दुसरी ओळ वाचा. आणि आता मलाच कुणीतरी खुर्चीत बसवलंय, समोर पाटी लावलीय, आणि मला वरची पहिली ओळसुद्धा वाचता येत नाहीये... आणि घड्याळ चालूच.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही माझ्या बायकोसारखे मलाच दोष देऊन मोकळे व्हाल.

आमचे सासरे जहाजावर इंजिन सांभाळायचे. तरुणपणी एकदा त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी दोन महिने एका बंदरात अडकलं, करायला काही काम नाही, तेव्हा तिथल्या गोदीतल्या रखवालदारानं त्यांना आणि त्यांच्या दोस्ताला, म्हणजे जहाजावरच्या रेडिओवाल्याला, जपानी बुद्धिबळ शिकवलं. शोगी म्हणतात त्याला. झालं! तेव्हापासून हे दोघं एकमेकांशी खेळतायत. लग्नं झाली, मुलं झाली, नोकऱ्या संपल्या, रेडिओकाका लेकीकडे दुसऱ्या गावाला राहायला गेले, पण डाव काही मोडला नाही. मग कॉम्प्युटरवर तो प्रोग्राम आला. दर रविवारी दुपारी चार वाजता हे इकडून, ते तिकडून, मध्ये पडद्यावर पट. नऊ घरं आडवी, नऊ उभी. आणि खेळ कसला, तर सगळ्या सोंगट्या एकाच रंगाच्या! टोक समोरच्याकडे असेल तर सोंगटी आपली, आपल्याकडे असेल तर समोरच्याची. त्यात आणखी गंमत म्हणजे मारलेली सोंगटी मरत नाही, मारणाऱ्याच्या हातात जाते, आणि मग तो ती आपली म्हणून पटावर कुठल्याही रिकाम्या घरात पुन्हा ठेवू शकतो. सासरे मला म्हणायचे, म्हणजे तेव्हा ते बोलायचे, "बघा जावईबुवा, इथं कुणी मरत नाही, फक्त घर बदलतं." मी म्हटलं, हो, आमच्यात तुमच्या मुलीचं झालं तसं. ते हसले नाहीत. अकरा वर्षांत माझ्या एकाही विनोदाला हसले नाहीत ते. पण 'अहो-जाहो' मात्र कधी सोडलं नाही. हे अंतर राखायचं की आदर, ते मला आजवर कळलेलं नाही.

आणि पाचेक महिन्यांपूर्वी त्यांच्या मेंदूत गुठळी झाली.

वाचले. पण उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. म्हणजे कळतं सगळं, डोळे तेच, कपाळावरची आठी तीच, फक्त तोंडातून शब्द नाही. बोलणं शिकवायला एक बाई येतात, स्पीच थेरपिस्ट. त्या चित्रांचे पत्ते आणतात. "आजोबा, हे काय आहे? कि... कि... किल्ली." आता ज्या माणसानं तीन मजली इंजिन उघडून पुन्हा लावलंय, त्याला तुम्ही किल्लीचं चित्र दाखवणार? त्यांनी बाईंकडे असं बघितलं की बाईंनी किल्ली खाली ठेवून कात्री उचलली. तरी त्या बिचाऱ्या चिवट. आम्हाला बाहेर नेऊन म्हणाल्या, "शब्द आत आहेत, वाट सापडत नाहीये त्यांना. आपण बोलून घेऊन उपयोग नाही, त्यांना स्वतःला बोलावंसं वाटलं पाहिजे. आणि हे पहिले महिने फार महत्त्वाचे आहेत." महिने! त्यातले दोन तेव्हाच गेले होते. सासूबाई तेव्हापासून रोज सकाळी कॅलेंडरसमोर उभ्या राहायच्या, तारखा मोजत... आणि घड्याळ चालूच.

तर बायकोला कल्पना सुचली. रविवारचा डाव! बाबांना खेळू द्या. आता उजवा हात चालत नाही, डाव्यानं माउस धरला तर बाण पडद्यावर माशीसारखा फिरतो. मग ठरलं की त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं पडद्यावर दाखवायचं आणि दुसऱ्या कुणीतरी क्लिक करायचं. कुणीतरी म्हणजे कोण? बायको म्हणाली, "तुम्हीच करा. चष्म्याचे एवढे एवढे स्क्रू लावता, तुमचा हात स्थिर आहे." हात स्थिर आहे, अगदी कबूल. पण त्यांचं बोट? आयुष्यभर नट-बोल्टांवर पाने फिरवलेलं बोट ते, अंगठ्याएवढं जाड. आणि पडद्यावरची घरं केवढी? बटणाएवढी. एका बोटाखाली चार घरं! मी विचारणार, "हे? का हे? का त्याच्या शेजारचं?" ते डोळे मिटणार. डोळे मिटले म्हणजे हो की नाही? आणि घड्याळ चालूच.

कारण त्या प्रोग्राममध्ये घड्याळ आहे ना. दोघांना वीस-वीस मिनिटं, ती संपली की प्रत्येक चालीला तीस सेकंद, आणि त्यातली शेवटची दहा सेकंदं एक बाई जपानी भाषेत मोजते. आवाज इतका गोड, इतका गोड, की वाटतं आपल्याला चहा विचारतेय. आणि विचारत काय असते, तर मरताय का?

मी माझ्या परीनं सोय केली हो. एकदा ते आत झोपलेले असताना प्रोग्रामची सेटिंग सगळी पालथी घातली, अर्धी जपानी, अर्धी इंग्रजी, आणि शोधून काढलं की अक्षरांच्या जागी चित्रं लावता येतात. राजाला मुकुट, घोड्याला घोडा. मी खूश. रविवारी ते खुर्चीत बसले, पडद्याकडे बघितलं, आणि डाव्या हातानं टेबल वाजवायला लागले. थांबेचनात! पुन्हा किल्ली आणि कात्रीच दाखवली की मी त्यांना. अक्षरं परत आणली तेव्हा हात थांबला. तोवर आमची सहा मिनिटं गेली होती.

तर असे आम्ही नऊ रविवार खेळलो आणि नऊच्या नऊ हरलो. 'आम्ही' म्हणायचं आपलं. ते जिंकायला बोट दाखवायचे आणि मी हरायला क्लिक करायचो. आठव्या हरण्यानंतर त्यांनी जेवण तसंच ठेवलं. नवव्यानंतर भिंतीकडे तोंड करून झोपले ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वळलेच नाहीत. थेरपीच्या बाई आल्या आणि तशाच परत गेल्या. रेडिओकाकांचा माझ्या बायकोला फोन आला, "पोरी, मी मुद्दाम हरू का गं?" ती म्हणाली, "काका, त्यांना कळेल." काका म्हणाले, "हो. कळेल."

आणि मग हा दहावा रविवार. सासूबाई मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या, भांड्यांचा आवाज करत, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये, आणि म्हणाल्या, "आजही तसंच झालं तर ते पुन्हा बसायचे नाहीत त्या खुर्चीत. मी ओळखते त्यांना." मी म्हटलं, मी काय करू? त्या म्हणाल्या, "नीट बघा." चष्मेवाल्याला सांगतात, नीट बघा!

पण तुम्हाला सांगतो, त्या दिवशी जमत गेलं. मी त्यांच्या बोटाकडे बघणं सोडलं आणि नखाच्या टोकाकडे बघायला लागलो. एक चाल बरोबर, दुसरी बरोबर, दहावी बरोबर. मला खेळ कळत नाही, पण माणसाचा श्वास कळतो. शेजारी बसलेल्या ह्या माणसाचा श्वास हळूहळू लहान होत चालला होता. दारात सासूबाई पाण्याचा पेला घेऊन उभ्या, माझ्या खुर्चीमागं बायको, तिची बोटं माझ्या खांद्यात रुतलेली. वीस मिनिटं संपली. तीस-तीस सेकंदांवर आलो. आता कळतंय मला काय चाललं होतं ते, नंतर काकांनीच समजावलं. पटाच्या अगदी वरच्या कडेला काकांचा राजा कोंडलेला. आमचं एक प्यादं पुढं जाऊन उभं. आमच्या हातात मारलेल्या सोंगट्या. त्यातलं सोनं, सोन्याची सोंगटी असते, ती राजाच्या डोक्यावर, म्हणजे त्याच्या अगदी समोरच्या घरात, ठेवली की खेळ खलास. एकच चाल. पण इकडं आमच्याही राजाला काकांनी असं घेरलेलं की ही चाल चुकली तर पुढच्याला आपण मेलो.

सासऱ्यांचं बोट उठलं. आधी पटाच्या बाजूला, जिथं हातातल्या सोंगट्या असतात, तिथं टेकलं. मग राजाच्या डोक्यावरच्या घरात टेकलं.

आता बाजूला सोंगट्या दोन. एक सोनं, एक चांदी, शेजारी शेजारी. आणि त्या जपानी लोकांनी काय करून ठेवलंय, तर चांदीच्या अक्षराच्या पोटात डाव्या अंगाला सोन्याचं अख्खं अक्षर घातलंय! जसंच्या तसं! एका बोटाखाली दोन्ही. मी विचारलं, "बाबा, ही का ती?" त्यांनी डोळे मिटले. बाई मोजायला लागली. गोड. मी एकीवर क्लिक केलं. एरवी सोंगटी उचलली की ती जाऊ शकते तेवढीच घरं पिवळी होतात, त्यावरून तरी अंदाज येतो. पण हातातली सोंगटी उचलली की सगळीच रिकामी घरं पिवळी! सोनं घ्या, चांदी घ्या, सगळं पिवळं! बाई मोजतेय, बायकोची नखं माझ्या खांद्यात, मी राजाच्या डोक्यावर बाण नेला, बोट खाली दाबलं, आणि कानाशी आवाज आला,

"थांब."

क्लिक झालं होतं.

पटावर चांदी बसली. चांदीला आडवं चालता येत नाही म्हणे. काकांचा राजा तिरका होऊन तिच्या शेजारून, बाजारात ओळखीच्या माणसाला टाळून निघावं तसा निघून गेला.

पण पडद्याकडे बघतंय कोण? बायको म्हणाली, "कोण बोललं?" मी नव्हतो. सासूबाई दारात होत्या. सासऱ्यांचे ओठ हलत होते, गळ्याची शीर ताठ झाली होती, आत कुणीतरी जड दार ढकलत असल्यासारखी, आणि बाहेर आलं, "सो... सोनं."

सासूबाईंच्या हातातून पेला पडला. तशाच पुढं आल्या, पाण्यातून, त्यांच्या खुर्चीचा हात धरला आणि म्हणाल्या, "काय म्हणालात?" ते पुन्हा म्हणाले, माझ्याकडे रागानं बघत, "सोनं!" आणि सासूबाई रडायला लागल्या. शेचाळीस वर्षांत ह्या माणसानं त्यांना कधी नावानंसुद्धा हाक मारली नव्हती. बायकोही रडायला लागली, "बाबा आईला सोनं म्हणाले, ऐकलंत ना तुम्ही?" मी ऐकलं. ते सोनं कुठलं हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं, त्यांना आणि मला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. मी गप्प बसलो. गप्प बसलो म्हणजे कायमचा, हे तुम्ही पहिलेच ज्यांना सांगतोय, आणि तुम्हीही कुठं बोलू नका.

आणि घड्याळ चालूच होतं बरं का, ह्या सगळ्यात. त्या प्रोग्राममध्ये चाल परत घ्यायचं बटण आहे. समोरच्यानं हो म्हटलं की झालं, आणि काकांनी शंभर वेळा हो म्हटलं असतं. मी बाण तिकडे न्यायला लागलो तर माझ्या मनगटावर त्यांचा डावा हात पडला. "नाही," म्हणाले. स्वच्छ. आणि बोट हार मान्य करायच्या बटणावर ठेवलं. ते बटण एकटंच असतं, मोठं असतं, ते काही मला चुकलं नाही.

दोन मिनिटांत फोन वाजला. मायलेकी सांडलेलं पाणी पुसत होत्या, म्हणून मीच तो बाबांच्या कानाला लावला. काकांना इकडचं काही माहीत नाही, ते आपले सवयीनं, उत्तर येणार नाही हे धरूनच बडबडत होते, "अरे, सोनं हातात असताना चांदी कशी टाकलीस? झालं काय तुला?" सासऱ्यांनी श्वास घेतला, ओठ जुळवले, आणि चार महिन्यांनी दोस्ताशी एकच शब्द बोलले.

"जावई."

पलीकडे ते म्हातारे गृहस्थ मोठ्यानं हसायला लागले, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते मलाही कळलं नाही.

तेव्हापासून रोज खेळतात. बोलतातही, थोडं थोडं. 'नको', 'खालचं', 'ते नाही रे', 'डोळे फुटले का?' सगळा शब्दसाठा माझ्यावरच उभा राहिलाय. 'अहो' गेलं ते गेलंच, अकरा वर्षांचं. मी मध्ये चोरून ती सगळी अक्षरं शिकलो होतो, दोन दिवस एकही चूक केली नाही, आणि ते दोन दिवस त्यांनी तोंड उघडलं नाही. थेरपीच्या बाईंनी मला बोलावून घेतलं, सगळं नीट विचारून घेतलं, बाबांच्या औषधांचा कागद पुढं ओढला आणि गोळ्यांच्या नावांखाली, तिसऱ्या ओळीत, व्यवस्थित अक्षरात लिहिलं: जावई, दिवसातून एकदा, जेवणानंतर.